झगा, शालू आणि आमचे लुगडे

आमच्या घरात यंदा एक लग्न आहे आणि एक भांडण आहे. लग्न माझ्या भाचीचे आहे. भांडण माझे आहे. लग्नाला साऱ्याच वाचकांना बोलावणे जमणार नाही, तेव्हा निदान भांडणाला तरी यावे, असे हे आमंत्रण समजावे. फराळाच्या ताटाशेजारी भांडण वाढू नये, एवढा पोच मला आहे. पण चकलीलासुद्धा तिखट लागतेच की!

आमचे गाव जासई. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. या गावाला समुद्र आहे म्हटले तर आहे, नाही म्हटले तर नाही. खाडी आहे, तिवरे आहेत, गुडघाभर चिखल आहे, मिठागरांच्या आणि खारजमिनीच्या आठवणी आहेत. पण पुळण म्हणावी अशी वाळू नाही. भाचीला लग्न वाळूवर हवे होते, म्हणून अलिबागच्या पुढचा एक किनारा ठरला. माझ्या भावाने, म्हणजे तिच्या बापाने, कपाळाला हात लावला. मी लावला नाही. मांडव दारातच पडला पाहिजे असा काही माझा हट्ट नाही. ज्यांच्या कित्येक पिढ्या खाऱ्या पाण्याच्या काठाने जगल्या, त्यांच्या पोरीने खाऱ्या पाण्याच्या साक्षीने लग्न लावून घेतले, तर त्यात आकाश कोसळण्यासारखे काय आहे? अग्नीची साक्ष चालते, मग पाण्याची का चालू नये? तेव्हा वाळूशी माझे भांडण नाही. त्या वाळूवर नवरीने काय नेसून उभे राहावयाचे, यावर आहे.

हे भांडण लागले ते दादरच्या एका मोठ्या दुकानात. आम्ही पाचजणी गादीवर बसलो होतो: भाची, तिची आई म्हणजे माझी वहिनी, भाचीच्या दोन मैत्रिणी आणि मी. दुकानदाराने विचारले, "लग्न कुठे?" किनाऱ्यावर म्हणताच त्याचा चेहरा एकदम उजळला. किनाऱ्यावरच्या लग्नाचे कपाट त्याच्याकडे निराळेच होते. त्यातून त्याने एक झगा काढला. रंग सोललेल्या बदामाचा. वर चोळीवजा अंगरखा, खाली घेर. घेर फुगलेला राहावा म्हणून आत ताठ जाळीचे चार थर. त्याला ते लोक कॅनकॅन म्हणतात. आणि मागे दोन हात जमिनीवर लोळणारी शेपटी. तिला म्हणतात ट्रेल. सबंध झग्यावर बारीक मणी आणि टिकल्या. किंमत दीड लाख.

मी विचारले, "याचे वजन किती भरेल?"

तो क्षणभर माझ्याकडे पाहातच राहिला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता, असे तो म्हणाला. माझ्या आग्रहावरून त्याने तो काट्यावर टाकला. नऊ किलो! आमच्याकडे नव्या नवरीच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी एवढ्या वजनाचा हंडा दिला, तर गाव सासूला नावे ठेवील. तोच भार कमरेला बांधला की मात्र त्याला हौस म्हणतात.

"हा रंग समुद्रावर फार खुलतो, मॅडम," तो भाचीला सांगत होता. मी मनात म्हटले, कोणत्या समुद्रावर? चित्रातला समुद्र मोरपिशी असतो, वाळू पिठासारखी पांढरी असते. आमच्या अलिबाग-उरणकडचा समुद्र गढूळ आहे. खाड्या त्यात गाळ आणून ओतत असतात. आमची वाळू करडी आहे. त्या करड्या वाळूवर, मातकट पाण्यापुढे, मावळतीच्या तांबूस उजेडात हा बदामी रंग खुलणार तर नाहीच, दिसणारसुद्धा नाही. नवरी कुठे संपली आणि वाळू कुठे सुरू झाली, हे फोटोत बोट ठेवून दाखवावे लागेल. पण दुकानदाराचा काय दोष? त्याच्याकडे झगा आला तोच मुळी दुसऱ्या कोणत्या तरी समुद्राच्या मापाने बेतून.

मी पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. सवयीप्रमाणे घरी येऊन पंचांग काढले. लग्नाचा दिवस पौर्णिमेचा, वेळ संध्याकाळी सव्वासहाची. मुलाकडच्या मंडळींनी हौसेने तो दिवस धरला होता: समोर सूर्य बुडतो आहे, लाटा पायांशी येताहेत, आणि समुद्रातून पूर्ण चंद्र वर येतो आहे! चित्र सुरेख आहे. फक्त ते आपल्या किनाऱ्यावरचे नाही. पौर्णिमेचा चंद्र उगवतो पूर्वेला, म्हणजे आपल्याकडे जमिनीच्या बाजूने, माडांच्या मागून. समुद्रातून चंद्र वर यावयास हवा असेल, तर सगळे वऱ्हाड पुरीला किंवा मद्रासेला न्यावे लागेल. आणि लाटांचे म्हणाल, तर आमच्याकडच्या कोणत्याही नाखव्याला विचारा. तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे. येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. इकडे-तिकडे तासभर धरा. दुपारी बाराच्या सुमारास भरती झाली, म्हणजे सहाच्या सुमारास ओहोटी. तीसुद्धा उधाणाची! उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्याला भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरांहून अधिक अंतर पडते, आणि किनारा सपाट असला की पाणी दूर, पार दूर जाते. ज्या समुद्रापुढे लग्न लावावयाचे, तो त्या वेळी घरी नसणार!

भाची हसली. म्हणाली, "आत्या, मग आम्ही चालत जाऊ पाण्यापर्यंत. फोटोग्राफर म्हणतोच आहे तसे."

म्हणजे नवरी नऊ किलोंचा घेर आणि दोन हातांची शेपटी ओढीत ओल्या वाळूतून दोन-तीनशे पावले जाणार. जाळीचे चार थर वाळू कशी धरतात ते मला ठाऊक आहे. कारण आमच्याकडे जाळी याच कामासाठी वापरतात, पाणी सोडावे आणि बाकीचे सारे धरावे म्हणून! शिवाय ओली वाळू कापडाला चिकटली की वजन वाढते, ते निराळेच. परतताना दोघी मैत्रिणी शेपटी उचलून मागे चालणार आणि नवरा अनवाणी, विजार दुमडून, हात हालवीत पुढे. त्याचे सारे सोयीचे आहे. पातळ कापडाचा सदरा, सैल विजार. नवऱ्याने काय घालावे यासाठी पाच पुरुष दादरच्या गादीवर दुपारभर बसल्याचे मी ऐकलेले नाही.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचे काय भांडण करावयाचे? एक दिवसाची हौस आहे, करू द्यावी. हौसेला माझी ना नाही. पण हौस कोणाची, हे तरी पाहाल की नाही? डिसेंबर २०१७ मध्ये एका नटीने इटलीत टस्कनी प्रांतात क्रिकेटपटू नवऱ्याशी लग्न केले, तेव्हा ती फिक्या गुलाबी घागऱ्यात उभी राहिली. त्या देशात हिवाळ्याचा उजेड मऊ असतो. तिला तो रंग शोभला. तेव्हापासून आपल्याकडच्या दुकानांतून लाल, हिरवा, पिवळा ही माणसे परागंदा झाली. पुढे २४ जानेवारी २०२१ रोजी आमच्या शेजारी, अलिबागजवळच्या सासवण्याला, एका नटाचे लग्न झाले. तिथेही वधू पांढुरक्या रंगातच होती. एवढे पुरेसे झाले. वाळू म्हणजे फिका रंग, हा जणू धर्मशास्त्रातला नियम ठरला.

आणि या फिक्या-पांढऱ्याची मूळ कथा तर फारच बोधप्रद आहे. युरोपातल्या नवऱ्या पूर्वी पांढऱ्यातच लग्न करीत असे नव्हे. जो चांगला कपडा असेल, मग तो निळा असो की तांबडा, तो घालीत. १० फेब्रुवारी १८४० या दिवशी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे लग्न झाले. तिने पांढरा साटिनचा झगा निवडला आणि त्यावर होनिटनची लेस लावली. ती लेस हाताने विणणाऱ्या डेव्हनमधल्या बायकांचा धंदा यंत्राच्या लेसमुळे बुडत चालला होता. त्यांच्या हाताला काम मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. झग्याचे रेशीम लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेले होते. म्हणजे पाहा, राणीने आपल्या लग्नाच्या कपड्यात आपल्या देशातल्या विणकरांच्या पोटाचा विचार केला. साऱ्या जगाने तिचा रंग उचलला. विचार उचलावा असे कोणाला वाटले नाही!

आमच्या उत्तर कोकणातल्याच एका समाजाने हा अनुभव घेतलेला आहे. मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती लोक १८८७ साली याच व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेऊ लागले. त्यांच्या बायका लुगडी नेसत; लाल लुगडे हे त्यांचे मानाचे. हळूहळू वेदीपुढे पांढरा झगा आला आणि लुगडे पेटीत गेले. आता त्यांच्याच नातींना ते पुन्हा बाहेर काढावेसे वाटते, आणि सणासमारंभाला त्या हौसेने नेसतात. पेटीत तरी होते म्हणून काढता आले. आमच्या पेट्या आम्ही केव्हाच रिकाम्या केल्या.

इथपर्यंत वाचून काही मंडळी माना डोलावीत असतील. त्यांनी फार डोलावू नयेत. कारण आता त्यांची पाळी आहे.

झग्याची बातमी गावात पसरली तशी आमच्या घरी संस्कृतीची काळजी वाहणारे चार लोक आले. त्यांतले एक तर दूरच्या नात्यातले काका. "झगा कसला? आपली परंपरा आहे. मुलीने पैठणी नेसली पाहिजे!" असे त्यांनी ओटीवर बसून ठणकावले. मी चहा दिला आणि विचारले, "काका, तुमच्या आईने लग्नात पैठणी नेसली होती?" काका चहा प्यायले. त्यांच्या आईला मी पाहिले आहे. माझ्या आयेबरोबर ती मिठागरात डोक्यावर मिठाची टोपली वाहात असे. पैठणी हा शब्द तरी तिने ऐकला होता की नाही कोण जाणे. पैठणी ही मोठी देखणी वस्तू आहे, येवल्याच्या विणकरांच्या हातांना माझा नमस्कार आहे. पण ती आमची परंपरा कधी झाली? ती आमच्याकडे दूरदर्शनच्या पडद्यातून आली, आणि येताना जणू आमच्या आजीच्या पेटीतूनच आली असा चेहरा करून आली. दुकानातून आणलेल्या झग्याला मी नावे ठेवावी आणि दुकानातून आणलेल्या परंपरेला हळदकुंकू लावावे, हे मला जमणार नाही.

शिवाय समुद्रालाही पैठणी मानवत नाही. रेशीम ओले झाले की दुबळे होते. जरीतली चांदी खाऱ्या दमट हवेत काळी पडते. हलकी जर असेल तर तिच्यातले तांबे हिरवट पडते. सूत मात्र ओले झाले की उलट अधिक बळकट होते. हे कापडाच्या शास्त्रात आहे, आणि ते शास्त्र निघण्यापूर्वी मिठागरात राबणाऱ्या बायकांच्या अंगावर होते.

आणि काकांना मी आणखी एक विचारले, तेही सांगून टाकते. "नवऱ्या मुलाच्या परंपरेचे काय? त्याला रुमाल नेसवू या का, तुमचे वडील नेसत तसा?" काका उठले. परंपरा जपावयाची असते ती दुसऱ्याच्या अंगावर; त्यातून बाईच्या अंगावर असेल तर फारच उत्तम.

मग माझे म्हणणे काय? माझे म्हणणे लुगडे. साधे सुती, आडव्या-उभ्या पक्क्या विणीचे, रुंद काठाचे नऊवार लुगडे. आमच्या आगरी आणि कोळी बायका नेसत तसे, काष्टा मारून, गुडघ्यापर्यंत वर घेऊन. हौस असेल तर चांगल्यातले घ्या, लाल घ्या, हिरवे घ्या, काठाला रेशीम घ्या. पण बेत तोच ठेवा. साधारण आठ मीटर लांबीच्या या कापडाला शिंपी लागत नाही, टाचणी लागत नाही, नाडी लागत नाही, आत परकर लागत नाही. सारा भार कमरेच्या एका गाठीवर. वारा पश्चिमेचा येवो, दुपारचा खारा असो की रात्रीचा मतलई, काष्टा उडत नाही. पाय मोकळे. चिखलात रुतलेला पाय उपसता येतो, होडीच्या कडेवरून उडी मारता येते, खारबांधावरून धावता येते. पाण्यात गेले तर कापड पायांना गुंडाळत नाही. समुद्राच्या काठाने काय नेसावे या प्रश्नावर या किनाऱ्यावरच्या बायकांनी शेकडो वर्षे भिजून, वाळून, पडून, उठून एक उत्तर काढले. तो प्रश्न आज आपल्या घरात पुन्हा निघाला, आणि आपण उत्तर शोधायला दादरला गेलो!

भाचीने हे सारे शांतपणे ऐकून घेतले. ती संगणकाच्या कंपनीत आहे. तिला बाजू मांडता येते. ती म्हणाली, "आत्या, आजी समुद्राकडे कामाला जायची. मी सुटीला जाते. तिने गुडघ्यापर्यंत लुगडे वर घेतले, कारण चिखलात उतरल्याशिवाय तिचे पोट भरत नव्हते. तिचा तो मजुरीचा कपडा मी लग्नात का नेसू? तुम्हाला तो आता सुंदर दिसतो, कारण तुम्हाला आता मीठ वाहावे लागत नाही."

वाचकहो, हा घाव वर्मी लागला. मी त्या रात्री जेवले नाही म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण भात परत घेतला नाही एवढे खरे.

तिचे म्हणणे निम्मे खरे आहे. मिठागर ही काव्य करण्यासारखी जागा नव्हती. तळपायांना चिरा पडत, त्यांत मीठ जाई. आयेच्या टाचा अजून तशाच आहेत. पण उरलेले निम्मे तिला ठाऊक नाही. आयेने लग्नात जे नेसले तेही लुगडेच होते. धवलारीण धवले गात होती, लग्न तीच लावीत होती. आमच्या समाजात लग्न लावण्याचा मान बाईकडे होता, हे काकांच्या परंपरेत येत नाही. आणि धवलारीण, नवरी, करवल्या, पाणी भरणारी बाई, या साऱ्यांच्या नेसण्याची तऱ्हा एकच होती. कामाचे लुगडे जाडेभरडे, सणाचे तलम. फरक कापडात होता, बाईत नव्हता. नवरी झाली म्हणून तिला चालता येऊ नये, अशी कल्पना कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

आणखी एक गोष्ट मी भाचीला सांगितली. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची. नव्या मुंबईसाठी सिडको आली १९७० मध्ये. ठाणे, पनवेल, उरणकडच्या पंचाण्णव गावांच्या जमिनी तिच्यासाठी घ्यावयाच्या होत्या. भाव असा की हसावे की रडावे कळू नये. आमच्याच जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकरी उठले, आणि जानेवारी १९८४ मध्ये याच रस्त्यावर, जासई-दास्तान फाट्यापाशी आणि नवघरला, पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. त्या गर्दीत बायका थोड्या नव्हत्या. आय होती. सकाळी तिने कासोटा घट्ट खोवला, भाकरी फडक्यात बांधली आणि शेजारणींबरोबर निघाली. लाठ्या सुरू झाल्या तेव्हा ती शेतातून, बांध ओलांडीत धावत घरी आली. गोल साडी असती तर पहिल्याच बांधाला पडली असती, असे ती आजही सांगते. त्यात बढाई नसते, नुसती माहिती असते.

त्या साडेबारा टक्क्यांतला एक तुकडा माझ्या भावाच्या वाट्याला आला. तो तुकडा त्याने विकला, आणि या लग्नाचा खर्च त्यातूनच व्हायचा आहे. आता मला सांगा, लुगडे नेसून धावलेल्या बाईच्या पायांनी जे मिळाले, त्यातून तिच्या नातीसाठी जो कपडा घ्यावयाचा त्यात दोन पावले चालता येऊ नयेत, हे मी मुकाट्याने पाहावे काय?

भाची बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "आणि तू? तू त्या दिवशी काय नेसली होतीस?"

मी त्या दिवशी शाळेत होते. पाचवारी नेसून.

इथे मला माझेच एक पान उलगडले पाहिजे, नाहीतर हे भांडण एकतर्फी होईल. मास्तरीण झाल्यावर मी लुगडे सोडले, ते ठीकच. मला ते कधी नेसताच येत नव्हते. पण मी आयेचेही सोडवले. शाळेच्या पहिल्या स्नेहसंमेलनाला तिने यावे अशी माझी फार इच्छा होती. मात्र लुगड्यात नको. पाहुणे तालुक्याचे, बायका शहरी. त्यांच्यात गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून माझी आय कशी बसणार? म्हणून मी तिला माझे गोल पातळ नेसवले, निऱ्या घालून दिल्या, पिना टोचल्या. ती काही बोलली नाही. शाळेच्या पायऱ्या चढताना तिच्या पायात निऱ्या आल्या आणि ती सगळ्यांदेखत पडली. ज्या बाईचा खारबांधावर कधी पाय घसरला नाही, ती सिमेंटच्या तीन पायऱ्यांवर पडली. गुडघा फुटला. तिने पातळाला रक्त लागू दिले नाही. पातळ माझे होते ना! त्यानंतर गावाबाहेर जाताना ती नेहमी गोलच नेसते, आणि जिन्याशी आली की कोणाचा तरी हात धरते.

तेव्हा दुकानदाराला, नटनट्यांना, काकांना शिव्या देताना पहिली शिवी मी मलाच देते. लुगडे झग्याने घालवले नाही. झगा आला तेव्हा जागा रिकामीच होती. ती आम्ही शिकलेल्या मुलींनी रिकामी केली. आमच्या आयांच्या उघड्या पोटऱ्यांची आम्हाला लाज वाटली म्हणून. इचलकरंजीसारखे गाव, जिथे १९०४ पासून यंत्रमाग खडखडतात, ते एके काळी आमच्यासारख्या घरांसाठी नऊवारी लुगडी विणून भरभराटले. गिऱ्हाईकच गोल साडीत शिरले, तेव्हा मागांनीही दुसरे कापड धरले. आता लुगडे उरले आहे ते हळदीच्या रात्री. पोरी भाड्याने आणतात, शिवलेले, मागे चेन लावलेले, कमरेला इलॅस्टिकचे. डोक्यात गजरे, हातात रिकामी मासळीची पाटी, आणि ध्वनिवर्धकावर गाणे. तासभर आपल्याच आजीचे सोंग घ्यावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला 'चांगले' कपडे घालावयाचे. आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसून पाहाते. तिला टाळ्या वाजवावयास सांगतात.

या सोंगाचा मला झग्याहूनही अधिक राग आहे. झगा निदान परका म्हणून येतो.

हे सारे मी भाचीला एकाच संध्याकाळी सांगितले असे नाही; पंधरा दिवस भांडण चालले होते. मध्यंतरी झगा घरी आला, कारण वहिनीने विसार देऊन ठेवला होता आणि मापे घ्यावयाची होती. आयेपुढे तो उलगडून ठेवला. तिचे वय आता शहाऐंशी. डोळ्यांना कमी दिसते, म्हणून ती हातांनी पाहाते. तिने मणी चाचपले, जाळीचे थर एकेक करून बोटांत धरले, शेपटी हाताने मोजली. मग म्हणाली, "बाय गो, यो लुगरा नाय, यो जाला हाय." आम्ही सगळ्या हसलो, भाची सर्वांत मोठ्याने. मला वाटले, निकाल लागला. मी लगेच आयेला विचारले, "मग हिने लुगडेच नेसावे ना?" तर ती म्हणाली, "तिचा लगीन, तिला वाटेल ता नेसू दे. माना कोनी इचारला व्हता?" हा शेवटचा टोला कोणाला होता ते मला कळले. वहिनीलाही कळले असावे; तिने माझ्याकडे पाहिले नाही.

त्या रविवारी भाची आणि मी करंजाहून लाँचने रेवसला गेलो, आणि तिथून पुढे किनारा पाहायला. योगायोगाने चतुर्दशी होती. सहा वाजता पोचलो तो माझे गणित बरोबर ठरले: पाणी दूर, मध्ये ओली चकाकणारी वाळू, तिच्यात खेकड्यांची भोके. भाचीने चपला काढल्या, विजार दुमडली आणि पाण्यापर्यंत चालत गेली. मी मोजीत होते. दोनशे साठ पावले. परत आली तेव्हा तिची विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. काही बोलली नाही. लाँचमध्ये मात्र तिने विचारले, "आजीकडे एखादे राहिले असेल का ग, खरेच?"

राहिले होते एक. ट्रंकेच्या तळाशी, कडुलिंबाच्या पाल्यात. लाल, काठ हिरवा, घड्यांवर विरलेले. लग्नात नेसावे असे काही ते नाही. पण बेत दाखवायला पुरे. काल रात्री जेवणे झाल्यावर आय भिंतीला टेकून उभी राहिली, भाची तिच्यापुढे. विसार बुडणार की झगाच येणार, ते अजून ठरलेले नाही, आणि मी आता त्यात तोंड घालणार नाही असे वहिनीला वचन दिले आहे. आयेने लुगडे भाचीच्या कमरेभोवती घेतले, गाठीपुरते कापड मोजले. मग तिचे हात थरथरू लागले आणि एक टोक तिने माझ्याकडे केले. "तू मार गाठ," म्हणाली.

मी टोक हातात घेऊन उभी राहिले. काठ वर घ्यायचा की खाली, आणि गाठ डावीकडे की उजवीकडे, हे मला माहीत नव्हते. आयेने ते पाहिले. तिने भिंत सोडली, माझी मनगटे धरली आणि माझ्या हातांनी गाठ मारली.